कॉवेलच्या तिसऱ्या मजल्यापासून: बर्कलीच्या ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ची वाटचाल

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली या विद्यापीठाच्या गावी, १९७२ साली काही अपंग तरुणांनी मिळून एक संस्था नोंदवली. नाव ठेवलं ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’. तिथे खाटा नव्हत्या, वॉर्ड नव्हते, वसतिगृह नव्हतं. होत्या त्या मदतनिसांच्या आणि भाड्याच्या घरांच्या याद्या, सतत वाजणारे फोन आणि लवकरच उभी राहिलेली व्हीलचेअर दुरुस्तीची कार्यशाळा. आज या नमुन्यावर चालणारी केंद्रं अमेरिकेत चारशेच्या घरात आहेत. त्यांना सरकारी निधी मिळण्यासाठी कायद्याने घातलेली एक अट आहे: संचालक मंडळात आणि निर्णय घेणाऱ्या कर्मचाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसं स्वतः अपंग असली पाहिजेत. ही अट कागदावर यायला अनेक वर्षं गेली, पण तिचा उगम बर्कलीतल्याच एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे राहायला आलेल्या पहिल्या अपंग विद्यार्थ्यापासून ही गोष्ट सुरू होते.

एड रॉबर्ट्‌स यांना १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. साल्क यांची पोलिओची लस बाजारात यायला अजून दोन वर्षं होती. मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. एका हाताची दोन बोटं आणि पायाची काही बोटं तेवढी हलत. श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाचं यंत्र लागे. डोकं बाहेर आणि बाकी सगळं शरीर आत अशा त्या लोखंडी नळकांड्यातल्या हवेचा दाब कमी-जास्त होई, तशी छाती वर-खाली होई. पुढे ते हवा घोटाघोटाने गिळून श्वास घेण्याची युक्ती शिकले आणि दिवसाचे काही तास यंत्राबाहेर राहू लागले. रात्र मात्र आतच.

शाळेचे वर्ग त्यांनी घरून, टेलिफोनवरून ऐकले. शेवटच्या वर्षी शाळेने प्रमाणपत्र अडवून धरलं, कारण मोटार चालवण्याचं शिक्षण आणि शारीरिक शिक्षण हे दोन विषय त्यांनी पुरे केले नव्हते. हातपाय न हलणाऱ्या मुलाला हे सांगताना कुणाला काही वाटलं नाही. आई झोना रॉबर्ट्‌स शाळा मंडळापर्यंत गेल्या, भांडल्या आणि प्रमाणपत्र घेऊनच परतल्या. या बाई पुढे संस्थेच्या कामातही सामील झाल्या. लेकराच्या हक्कासाठी दारं ठोठावणारी आई आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या इतिहासात पहिल्याच पानावर भेटते. बर्कलीतही ती आहेच.

सॅन मटेओच्या महाविद्यालयात दोन वर्षं झाली. तिथल्या अध्यापिका जीन वर्थ यांनी बर्कली विद्यापीठाचं नाव सुचवलं. खर्चासाठी राज्याच्या पुनर्वसन विभागाकडे अर्ज केला, तर उत्तर आलं की अपंगत्व इतकं गंभीर आहे की हा मुलगा कधीच नोकरी करू शकणार नाही, मग त्याच्या शिक्षणावर पैसा का घालायचा? प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं, तेव्हा विभागाने हात सैल केला. विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्यानेही पूर्वी अपंगांना घेऊन पाहिलं होतं, ते जमलं नाही, असं सांगून पाहिलं. तरीही १९६२ साली प्रवेश मिळाला. आता प्रश्न राहण्याचा. सुमारे साडेतीनशे किलोचं आयर्न लंग कुठल्याही वसतिगृहात मावेना, आणि मावलं तरी जमिनीला त्याचा भार सोसेल की नाही याची खात्री नव्हती. विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी मार्ग काढला. रुग्णालयाचा एक रिकामा भाग त्यांनी या विद्यार्थ्याला राहायला दिला, रुग्ण म्हणून नव्हे तर राहणारा म्हणून.

पुढच्याच वर्षी जॉन हेस्लर आले. पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघाताने त्यांचे हातपाय गेले होते. मग आणखी काही जण. १९६९ पर्यंत कॉवेलच्या तिसऱ्या मजल्यावर डझनभर विद्यार्थी राहत होते. मदतनीस स्वतः नेमायचे, काम समजावून सांगायचं, पटलं नाही तर दुसरा शोधायचा, त्यांचा पगार राज्याच्या भत्त्यातून द्यायचा. उठायचं कधी, झोपायचं कधी, जेवायचं काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आयुष्यभर घरच्यांच्या किंवा परिचारिकांच्या सोयीने दिवस काढलेल्या या मुलांना हा अनुभव नवा होता.

रॉबर्ट्‌स यांच्या मोटरच्या खुर्चीची हकिकत इथलीच. त्यांना अशी खुर्ची चालवता येणार नाही, असा तज्ज्ञांचा निर्वाळा होता, कारण दोन बोटांना दांडा पुढे ढकलण्याइतकी ताकद नव्हती. पण ते प्रेमात पडले होते, आणि प्रत्येक भेटीला खुर्ची ढकलणारा तिसरा माणूस सोबत नको होता. दांडा पुढे ढकलता येत नसला तरी मागे ओढता येतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी नियंत्रणच उलटं बसवून घेतलं. खुर्ची चालू लागली. ही गोष्ट ते पुढे मुलाखतींत आवर्जून सांगत. तिचं महत्त्व मोठं आहे. या संस्थेत तज्ज्ञाच्या मताआधी वापरणाऱ्याचं मत विचारायची जी पद्धत पडली, ती अशा अनुभवांतून.

काळही तसाच होता. १९६४ साली याच विद्यापीठात विद्यार्थ्यांनी भाषणस्वातंत्र्यासाठी मोठं आंदोलन केलं. कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा जोरात होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींना ती भाषा आपलीशी वाटली. पुनर्वसन विभागाच्या एका समुपदेशकाने दोन विद्यार्थ्यांना काढून टाकायचा घाट घातला, तेव्हा सगळे एकत्र उभे राहिले, बातम्या झाल्या आणि बदली त्या समुपदेशकाचीच झाली. या गटाने स्वतःला ‘रोलिंग क्वॉड्‌स’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे हातपाय लुळे असलेले, चाकांवर फिरणारे.

१९७० मध्ये केंद्र सरकारच्या अनुदानातून विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठीचा सेवा कार्यक्रम उभा राहिला. संचालक जॉन हेस्लर. कार्यालय ड्युरंट अव्हेन्यूवर, एका हॉटडॉगच्या टपरीमागे. आता रुग्णालयात राहायची गरज उरली नाही. घर शोधून दिलं जाई, मदतनीस मिळवून दिला जाई, खुर्ची बिघडली तर कुणीतरी धावून येई. आणि मग जे व्हायचं तेच झालं. जे विद्यार्थी नव्हते असे गावातले अपंगही दार ठोठावू लागले. विद्यापीठाच्या पैशातून त्यांचं काम करता येईना आणि परत पाठवायला मन होईना. या पेचातून १९७२ साली गावासाठी वेगळी संस्था निघाली. सुरुवातीला एका लहानशा अपार्टमेंटमध्ये कारभार चालला. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या पुनर्वसन खात्याकडून ५०,००० डॉलरचं पहिलं मोठं अनुदान मिळालं. पुढे टेलिग्राफ अव्हेन्यूवर मोठी जागा मिळाली.

रॉबर्ट्‌स यांचं नाव संस्थेशी इतकं जोडलं गेलं आहे की पहिले संचालक तेच असावेत असं वाटतं. पण तो मान लॅरी बिस्कॅम्प यांचा. रॉबर्ट्‌स नंतर आले, आणि त्यांच्यानंतर फिल ड्रेपर यांनी धुरा वाहिली. संस्थापकांतले हेल झुकास यांची आठवण इथे करायलाच हवी. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांचं बोलणं अनोळखी माणसाला कळत नसे. डोक्याला बांधलेल्या दांडीने ते समोरच्या पाटीवरच्या अक्षरांना स्पर्श करत आणि वाक्य जुळवत. गणिताचे पदवीधर. रस्ते, बस, रेल्वे यांच्या नियमांतलं त्यांच्याइतकं जाणणारं माणूस त्या काळी विरळा, आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला अभियंत्यांना शिकावं लागलं.

संस्था नेमकं काय करत होती, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण थोरवी तिथेच आहे. पहिलं काम मदतनिसांचं. हात न हलणाऱ्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवायला कुणी आलंच नाही, तर त्या दिवशी त्याचं कॉलेज नाही, नोकरी नाही, काहीच नाही. संस्थेने गावातल्या इच्छुक माणसांची यादी ठेवली. त्यांच्याशी बोलून, चौकशी करून ती यादी ज्याला गरज आहे त्याच्या हाती दिली. निवड त्याची, करार त्याचा. मदतनिसाशी कसं बोलावं, पगाराचा हिशेब कसा ठेवावा, न पटल्यास निरोप कसा द्यावा, हेही शिकवलं जाई. स्वतंत्र जगणं म्हणजे सगळं स्वतःच्या हातांनी करणं, अशी सर्वसाधारण समजूत. रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सोबत्यांनी ती बाजूला ठेवली. मदत कुणाकडून, कधी, कशी घ्यायची याचा निर्णय आपल्या हाती असणं, हा त्यांचा अर्थ. ज्याला शर्ट घालायला तासभर लागतो, त्याने तो तास वाचवून कामाला जावं आणि शर्ट दुसऱ्याने घातला म्हणून कमीपणा मानू नये.

दुसरं काम दुरुस्तीचं. त्या काळच्या मोटरच्या खुर्च्या घरातल्या आणि रुग्णालयातल्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या होत्या. दिवसभर रस्त्यावर, चढावर फिरवल्या की पट्टे तुटत, बॅटऱ्या मान टाकत. कंपनीकडे पाठवली की खुर्ची आठवडेच्या आठवडे परत येत नसे, आणि तोवर माणूस घरात अडकलेला. कार्यशाळेने खुर्च्या तर दुरुस्त केल्याच, शिवाय रस्त्यासाठी मजबूत केल्या, व्हॅनमध्ये चढायच्या सोयी बसवल्या.

तिसरं काम ‘पिअर कौन्सेलिंग’, म्हणजे त्याच वाटेने गेलेल्या माणसाशी बोलणं. नुकताच अपघात झालेल्या तरुणाला डॉक्टर शरीराबद्दल सांगतील. पण लग्नाचं काय, मूत्रपिशवी भर वर्गात गळली तर काय करायचं, आईला घरातून निघतोय हे कसं सांगायचं, हे प्रश्न तो डॉक्टरला विचारत नाही. वीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाला विचारतो. याशिवाय घरांची यादी, सरकारी भत्त्यांचे अर्ज, अंधांसाठी वाचक, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषी. अंध, कर्णबधिर, पोलिओग्रस्त, पाठीचा कणा दुखावलेले असे सगळे एका छताखाली आणणं तेव्हा रूढ नव्हतं. प्रत्येक अपंगत्वाची संस्था वेगळी, निधी वेगळा आणि रुसवेही वेगळे. आपल्याला हे चित्र परकं नाही.

फुटपाथच्या कोपऱ्यांची गोष्ट तर जगभर गेली. खुर्ची घेऊन घराबाहेर पडलं की पहिल्याच चौकात फुटपाथची पायरी आडवी येई. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये बर्कलीच्या नगर परिषदेने रस्ते आणि फुटपाथ अपंगांना वावरता येतील असे करण्याचं धोरण मान्य केलं, आणि चौकांचे कोपरे उतरते होऊ लागले. रात्री घण घेऊन फुटपाथ फोडणाऱ्या तरुणांच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात. खरं काम झालं ते बैठकांत, नकाशांवर, नगर अभियंत्यांच्या टेबलाशी. कुठल्या चौकातून किती माणसं जातात, आधी कोणता कोपरा, उतार किती अंशांचा, यावर झुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोकं घातलं. त्यात एक अडचण घरातूनच आली. अंध माणूस काठीने फुटपाथची कड चाचपून रस्ता कुठे सुरू होतो ते ओळखतो. कडच गेली तर तो थेट गाड्यांत. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय. दोघे एकाच कार्यालयात बसणारे असल्यामुळे हा वाद समोरासमोर बसून सोडवावा लागला.

संस्थेचं नाव देशभर झालं ते १९७७ च्या एप्रिलमध्ये. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामात अपंगांशी भेदभाव करू नये, असं सांगणारं कलम ५०४ हे १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात होतं. पण त्याचे नियम निघत नव्हते आणि नियमांवाचून कलम निर्जीव होतं. ५ एप्रिलला देशातल्या अनेक शहरांत आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या कार्यालयांवर मोर्चे गेले. बाकीच्या ठिकाणी आंदोलनं लवकरच संपली. सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून अधिक माणसं इमारतीत शिरली आणि बाहेर पडलीच नाहीत.

पुढाकार होता जूडी ह्यूमन आणि किटी कोन यांचा. दोघी बर्कलीच्या केंद्राशी जोडलेल्या. ह्यूमन यांना लहानपणी न्यूयॉर्कच्या शाळेने ‘आगीच्या वेळी धोका’ म्हणून दारातून परत पाठवलं होतं, आणि पुढे शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा त्यांनी खटला भरून तो मिळवला होता. आत अडकलेल्यांत कुणाला रात्री कुशीवर वळवणारा माणूस हवा होता, कुणाला औषधं, कुणाला कॅथेटर. अधिकाऱ्यांनी फोन तोडले, तर कर्णबधिरांनी खिडकीतून हातांनी खुणा करून बाहेर निरोप पोचवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने शेजारच्या ओकलंड शहरातून रोज गरम जेवण आणलं. पक्षाचे कार्यकर्ते ब्रॅड लोमॅक्स मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे खुर्चीत होते आणि आत बसलेल्यांत होते. ओकलंडच्या पूर्व भागात केंद्राची शाखा काढावी, असा प्रस्तावही पूर्वी त्यांनीच मांडला होता. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर मॉस्कोनी यांनी गाद्या पाठवल्या. अमेरिकी संसदेचे सदस्य फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर यांनी त्या इमारतीतच जनसुनावणी घेतली. एक तुकडी वॉशिंग्टनला गेली, तर तिथे यंत्रकामगारांच्या संघटनेने त्यांना फिरायला ट्रक भाड्याने घेऊन दिला. २८ एप्रिलला त्या खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. आंदोलक ३० तारखेला बाहेर पडले. अमेरिकेत सरकारी इमारतीत शांततेने झालेलं इतकं लांबलेलं ठिय्या आंदोलन तोवर दुसरं नव्हतं. ते टिकलं, कारण कुणाला काय लागतं याची रोजची व्यवस्था लावण्याचा सराव या मंडळींना पाच वर्षांच्या केंद्राच्या कामातून झालेला होता.

दरम्यान १९७५ मध्ये राज्यपाल जेरी ब्राउन यांनी एड रॉबर्ट्‌स यांची कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाच्या संचालकपदी नेमणूक केली होती. ‘हा कधीच नोकरी करू शकणार नाही’ असं लिहिणारा तोच विभाग. त्या खुर्चीत बसून त्यांनी राज्यात ठिकठिकाणी बर्कलीसारखी केंद्रं सुरू करायला बळ दिलं. पुनर्वसन कायद्यातल्या १९७८ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारचा निधीही अशा केंद्रांना मिळू लागला. स्वीडनमध्ये अ‍ॅडॉल्फ रात्झ्का यांनी, आणि १९८६ मध्ये टोकियो महानगरातल्या हाचिओजी इथे जपानी कार्यकर्त्यांनी याच धर्तीवर संस्था काढल्या. १९९० च्या अमेरिकन अपंगत्व कायद्यातही याच कलम ५०४ च्या नियमांची भाषा बरीचशी उतरली.

सगळंच सुरळीत नव्हतं. १९८० च्या दशकात सरकारी निधी आटला, तशी संस्थेत कर्मचारी कपात करावी लागली. अंधांच्या सेवा विभागाचे प्रमुख डॉन गॅलोवे स्वतः अंध आणि कृष्णवर्णीय होते. संस्थेत गोऱ्यांचाच भरणा आहे, काळ्या वस्त्यांतले अपंग इथवर पोचत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. जॉनी लेसी यांनी पुढे शेजारच्या हेवर्डमध्ये अशाच एका केंद्राची सूत्रं हाती घेऊन त्या वस्त्यांत काम नेलं. मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांना या चळवळीत हक्काची जागा मिळायला तर आणखी वेळ लागला. संस्थेच्या गौरवग्रंथांत या गोष्टी दोन ओळींत उरकल्या जातात. त्या नीट नोंदवायला हव्यात, कारण दारापर्यंत कोण पोचू शकत नाही हा प्रश्न अशा कामात कधीच संपत नाही.

बर्कलीचा धागा आपल्या कायद्यापर्यंतही आला आहे. समाजात राहून, स्वतःच्या पसंतीने जगण्याचा हक्क अपंगांच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारनाम्यात कलम १९ म्हणून आला. भारताने तो करारनामा २००७ मध्ये मान्य केला, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम ५ ने सामाजिक जीवनाचा तोच हक्क इथल्या दिव्यांगांना दिला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. गावाच्या पातळीवर हा पैसा हाताशी आहे, ही फार मोलाची गोष्ट. तो तीनचाकी सायकलींवर खर्चायचा, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यावर की मदतनिसाच्या मानधनावर, हे ठरवणाऱ्या बैठकीत गावातले दिव्यांग बसलेले असले पाहिजेत. बर्कलीकरांनी पहिल्या दिवसापासून एवढाच आग्रह धरला होता.

रॉबर्ट्‌स १९८३ मध्ये जूडी ह्यूमन आणि जोन लिऑन यांच्यासह ‘वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑन डिसॅबिलिटी’ या संशोधन संस्थेकडे वळले. १४ मार्च १९९५ रोजी, ५६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांची मोटरची खुर्ची वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २०१० मध्ये बर्कलीच्या अ‍ॅशबी रेल्वे स्थानकाला लागून त्यांच्या नावाचं संकुल उघडलं. मधोमध लाल रंगाचा गोलाकार रॅम्प वरच्या मजल्यावर जातो. तो इतका रुंद आहे की दोन खुर्च्या गप्पा मारत शेजारी-शेजारी जाऊ शकतात. अपंगांच्या अनेक संस्था तिथे एकत्र आहेत आणि १९७२ चं केंद्रही तिथेच नांदतं आहे. मदतनिसांची यादी आजही चालू आहे. भाड्याचं घर मिळवायला मदत होते, घराच्या दाराशी रॅम्प आणि न्हाणीघरात पकडायच्या दांड्या बसवून दिल्या जातात, भत्त्यांचे अर्ज भरून दिले जातात, शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांना बसने एकट्याने प्रवास कसा करायचा ते शिकवलं जातं.